कांद्याच्या पापुद्र्याचा तास

"बाई, हे तुम्हीच पाठवलंय ना?"

ज्ञानदा सांगळेची आई प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. डोक्याला बांधलेला रुमाल तसाच, बाह्यांवर कांद्याच्या फोलपटांची धूळ. खळ्यावर कांदा निवडायचं काम अर्धं टाकून ती तशीच शाळेत आली होती. तिने मोबाइल माझ्यासमोर धरला.

आमच्या सातवी ब च्या पालकांचा ग्रुप होता तो. आदल्या संध्याकाळी मी त्यावर घटक चाचणीचं वेळापत्रक टाकलं होतं. "इतक्या लवकर?" असं कोणा पालकाने विचारलं, आणि त्यावर मी एक स्टिकर पाठवला होता. एक रडवेला चेहरा, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी, खाली रंगीत अक्षरांत 'रडू आलं'.

"हो, मीच," मी म्हणाले. "का हो?"

"नीट बघा की बाई."

मी चष्मा चढवला. केस कापून टाकलेले, गाल फुगवलेले, नाक लालभडक रंगवलेलं. पण उजव्या भुवईतली बारीक खाच तशीच होती. ती खाच रोज पहिल्या बाकावरून माझ्याकडे बघायची. माझ्या हातातला खडू टेबलावर ठेवायलाही मला सुचेना.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची होते, निफाड तालुक्यातल्या त्या शाळेत चोवीस वर्षं विज्ञान शिकवत होते, आणि 'कुलथे बाई आल्या' एवढ्या तीन शब्दांवर व्हरांडा रिकामा होई याचा मला अभिमान होता. त्या दिवाळीत मुलीने मला स्टिकर पाठवायला शिकवलं होतं. मग काय विचारता! कोणाच्याही मेसेजवर एक स्टिकर चिकटवल्याशिवाय मला चैन पडेना. हा रडका चेहरा कोणा पालकाने ग्रुपवर टाकला, मला मजेशीर वाटला, मी तो साठवून ठेवला. कुठल्या तरी मालिकेतलं पोर असेल अशी माझी समजूत होती.

"मला खरंच कळलं नाही हो ती ज्ञानदा आहे," मी म्हणाले.

"तुम्हाला नसेल कळलं. वर्गात सगळ्यांना कळतं." तिने बोटाने पडदा सरकवला. तोच चेहरा, खाली वेगवेगळी अक्षरं. 'चल खळ्यावर.' 'कांदा निवड गं.' 'आईला मदत कर, शाळा सोड.' "ही पोरांनी पाठवलेली. सोमवारपासून पोटात दुखतं म्हणून घरी बसली होती. मला वाटलं, असंल काही. काल रात्री माझ्या मोबाइलात तुमचा मेसेज बघितला आणि जी रडायला लागली ती थांबंना. म्हणाली, आई, बाईपण हसतात."

मी तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही.

"मला दाखला पाहिजे तिचा. तिचे पप्पा म्हणतात, येवल्याला मामाकडं ठेवू. तिथल्या शाळेत टाकू."

"मधेच? सातवीत?"

"मग काय करू सांगा. ती इथं यायची न्हाई म्हणते."

ज्ञानदा आमच्या वर्गातली हुशार मुलगी, पण केवळ हुशार नव्हे. प्रश्न विचारणारी. तास संपल्याची घंटा झाल्यावरही 'बाई, पण मग' असं सुरू करणारी. चोवीस वर्षांत मला अशी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मिळाली होती. ती मामाच्या घरी, नव्या गावात, नव्या वर्गात कोपऱ्यात बसेल आणि 'पण मग' म्हणायचं विसरून जाईल, हे मला समोर दिसलं.

"शनिवारपर्यंत थांबा," मी म्हणाले. "शनिवारी मी स्वतः दाखल्याच्या अर्जावर सही घेऊन देते."

"शनिवारपर्यंत तुम्ही काय करणार?"

"तेच बघते," मी म्हणाले. मोबाइल पिशवीत टाकत ती "बरं" म्हणाली आणि खळ्यावर परत गेली.

मुख्याध्यापक गुंजाळ सर माणूस वाईट नव्हता, पण घाईत असे. माझं सगळं ऐकून घेता घेता त्यांनी तीन कागदांवर सह्या केल्या.

"बाई, प्रत्येक वर्गात असतंच हे. दोघांना बाहेर उभं करा, पालकांना बोलवा, विषय मिटवा. आणि हो, विज्ञान मंडळाच्या उद्घाटनाचे फोटो अजून आले नाहीत तुमचे."

"पाठवते."

"पाठवते नाही, आजच. फोटो नाही म्हणजे उपक्रम झालाच नाही, बाई. वर कोणी तोंडी ऐकून घेत नाही आता."

हे वाक्य आमच्या शाळेत रोज कानावर पडे. झाड लावलं, फोटो. हात धुतले, फोटो. मुलांनी पुस्तक उघडलं, फोटो. पालकांच्या ग्रुपवर टाकायचे, केंद्राच्या ग्रुपवर टाकायचे, वर्षअखेरीला फाइलला लावायचे. मीही त्यात मागे नव्हते. उलट माझ्या वर्गाचे फोटो सर्वांत जास्त असत.

गुरुवारी पहिल्याच तासाला मी वर्गात गेले ती डोक्यात राख घालून. मोबाइल उंच धरून म्हणाले, "हे कोणी केलं?"

अडतीस मुलं वह्यांत बघायला लागली.

"मी पुन्हा विचारणार नाही."

पुन्हा तीन वेळा विचारलं. शेवटच्या बाकावरच्या प्रणितने खिडकीबाहेर बघितलं. सिद्धी डुंबरे, ज्ञानदाची बाकावरची शेजारीण, पेन्सिलचं टोक मोडत बसली. मला कळलं की माझा दरारा इथे काही कामाचा नाही. ज्याला बाईंची भीती वाटते तो बाईंना काहीच सांगत नाही, एवढी साधी गोष्ट कळायला मला चोवीस वर्षं लागली.

मी खुर्चीवर बसले. मग फळ्याकडे लक्ष गेलं. आदल्या दिवशी काढलेली अन्नसाखळी तिथे तशीच होती. गवत, नाकतोडा, बेडूक, साप. मधे बाण.

"एक चिठ्ठी फाडा," मी म्हणाले. "वर स्वतःचं नाव. खाली, हा चेहरा तुमच्याकडे पहिल्यांदा कोणाकडून आला त्याचं नाव. दुसरं काही नको. मी कोणाची चिठ्ठी वाचून दाखवणार नाही, कोणाला उभं करणार नाही."

"पालकांना सांगणार?" कोणीतरी विचारलं.

"खरं लिहिलंत तर आधी तुमच्याशी बोलेन. मग ठरवू."

मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि एका मोठ्या कागदावर बाण काढायला बसले. एकाकडून तिघांना, तिघांकडून नऊ जणांना. मुलं खरंच खरं लिहितात, हे बघून मला भरून आलं. तीस एक बाण झाल्यावर सगळे एका नावाशी येऊन मिळाले. प्रणित. आणि प्रणितच्या चिठ्ठीवर नाव होतं सिद्धीचं.

सिद्धीची चिठ्ठी मी शेवटी उघडली. अक्षर इतकं बारीक की चष्मा लावूनही डोळ्यांजवळ धरावी लागली. तिने लिहिलं होतं, 'मीच बनवला. फोटो पालकांच्या ग्रुपवर होता. बाईंनी टाकला होता.'

मी मोबाइल काढून ग्रुप वर सरकवत गेले. पंधरा ऑगस्ट, झेंडावंदन. त्याआधी राख्या. त्याआधी, बारा ऑगस्ट. 'सातवी ब, कांद्याच्या पापुद्र्याचे निरीक्षण. आमचे छोटे शास्त्रज्ञ!' पाच फोटो. तिसऱ्यात ज्ञानदा. पाचही गटांसाठी कांदे चिरायचं काम मीच तिला दिलं होतं, कारण तिचा हात सफाईदार. डोळे चुरचुरत होते, नाक वाहत होतं, हातात सुरी असल्यामुळे पुसताही येत नव्हतं, आणि तशातही ती हसायचा प्रयत्न करत होती. त्या क्षणी मी तिला रुमाल द्यायचा सोडून फोटो काढला होता.

आणि खाली मी लिहिलं होतं, 'आमची रडूबाई!'

पुढे तीन हसरे चेहरे. त्याखाली चौदा पालकांचे अंगठे.

मी तो बाणांचा कागद पुन्हा समोर घेतला. सिद्धीच्या नावापासून आणखी एक बाण काढला आणि टोकाला स्वतःचं नाव लिहिलं. दोन दिवस मी गुन्हेगार शोधत हिंडत होते, आणि पहिला शब्द माझाच होता.

शाळा सुटताना सिद्धीला थांबवून घेतलं. ती आधीच रडत होती.

"बाई, मी फक्त तिलाच पाठवला होता. तीपण हसली होती. तिनंच म्हटलं, माझं नाक अजून मोठं कर."

"मग?"

"मग प्रणितनं मागितला. मी दिला. मग त्यानं खाली ते खळ्याचं लिहिलं. मी त्याला म्हटलं, काढ ते. तर म्हणाला, बनवलास तूच, मी तुझंच नाव सांगेन."

"मग तू गप्प बसलीस."

"हो." डोळे पुसत ती म्हणाली, "ती माझ्याशी बोलत नाही बाई."

प्रणितने एकच वाक्य सांगितलं. "सगळेच हसत होते." तेही खोटं नव्हतं. पण त्याला रागवायचं, तर आधी ज्ञानदाला आणि तिच्या आईला माझी स्वतःची चूक सांगायला हवी होती.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी सांगळ्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दारात पिकअप उभी, शेजारी सदाफुलीचे डबे. वडील ओट्यावरच होते. त्यांनी मला "या" म्हटलं, पण आत जायला वाट दिली नाही. ज्ञानदाच्या आईने "येऊ द्या त्यांना" म्हटल्यावर बाजूला झाले.

ज्ञानदा खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर विज्ञानाचं पुस्तक, बंद.

मी खाली चटईवर बसले. आजवर मी कुठल्या विद्यार्थ्याच्या घरी खाली बसले नव्हते.

"ज्ञानदा, तो फोटो मी काढला होता," मी म्हणाले. "मी ग्रुपवर टाकला. रडूबाई मी लिहिलं. तुला न विचारता. चूक माझी आहे."

ती पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिली.

"आणि मंगळवारी जो स्टिकर पाठवला, तो तुझा आहे हे मला माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगते."

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.

"बाई, पण मग," ती म्हणाली, "तो दुसऱ्या कोणाचा असता तर चाललं असतं?"

चोवीस वर्षं मुलांना प्रश्न विचारत आले, पण इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्याकडे त्याचं उत्तर 'नाही' असं होतं, आणि मंगळवारी मी वागले होते ते 'हो' म्हणून.

"नसतं चाललं," मी शेवटी म्हणाले. "मी तेवढा विचारच केला नव्हता."

तिची आई चुलीजवळ उभी राहून ऐकत होती. तिने पदराने तोंड पुसलं.

मग ज्ञानदा हळूहळू बोलायला लागली. पोरांच्या ग्रुपमधून ती बाहेर पडली होती, तर त्यांनी तिला परत आत घेतलं. दोनदा. तिसऱ्यांदा तिने आईचा मोबाइलच बंद करून डब्यात ठेवला, तर आईला खळ्यावरून मुकादमाचा फोन लागेना, आई रागावली. कोणाला सांगावं तर सगळ्यांच्याच मोबाइलात ते होतं. बाईंना सांगावं असं तिने ठरवलं होतं. बुधवारी सांगणार होती.

आणि मंगळवारी संध्याकाळी माझा स्टिकर आला.

मला तिथे बसवेना. पण उठून जाणं आणखी वाईट झालं असतं. मी विचारलं, "ते सगळे मेसेज आहेत अजून?"

"पुसणार होते."

"पुसू नकोस. पप्पांनाही दाखव, जपून ठेव. पुन्हा कोणी म्हणालं की असं काही झालंच नाही, तर तुझ्याकडे ते हवेत. आता सांग, उद्या मी काय करू?"

ती विचारात पडली. बहुतेक असं तिला कोणी विचारलं नव्हतं.

"परिपाठात माझं नाव घेऊ नका," ती म्हणाली. "आणि प्रणितला उभं करू नका. तुम्ही त्याला उभं केलं तर सोमवारी मलाच त्रास."

"बरं."

"आणि कोणाला माझी माफी मागायला लावू नका. मला ते बघायचं नाही."

वडील दारात येऊन उभे राहिले होते. "मग त्या पोराला मोकळंच सोडायचं का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "त्याच्या वडिलांना मी सोमवारी बोलावते. पण चार भिंतींत. आणि त्याआधी माझं स्वतःचं आवरते."

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली, दिनविशेष झाला. बातम्या वाचायची पाळी आठवी अ ची होती. त्या मुलीच्या हातातून मी कागद मागून घेतला आणि माइकसमोर उभी राहिले. फाटकाशी ज्ञानदा आणि तिची आई उभ्या होत्या. ज्ञानदा गणवेशात होती, पण आईच्या हातात दाखल्याचा अर्ज होता.

"आजची बातमी माझी आहे," मी म्हणाले. "या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचा फोटो मी न विचारता काढला. न विचारता सगळ्यांना पाठवला. त्याच्यावर गंमत म्हणून एक शब्द लिहिला. मग त्या शब्दाला बाकीच्यांनी आणखी शब्द जोडले, आणि एका मुलाच्या आईच्या कामाचीही त्यात थट्टा झाली. आपल्या तालुक्यात कांदा निवडणाऱ्या आईच्या कष्टावर किती घरं चालतात हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्यातल्या अनेकांचं चालतं. पहिली चूक माझी आहे. मी त्या विद्यार्थ्याची माफी मागते."

गुंजाळ सरांनी घसा खाकरला. स्टाफमधलं कोणीतरी माझ्याकडे बघायचं टाळत होतं.

"तो फोटो मी सगळीकडून काढून टाकलाय. तुमच्या घरच्या मोबाइलात असेल तर आज घरी गेल्यावर तुम्हीही काढा. मी कोणाचा मोबाइल तपासणार नाही. आणि कोणाला असा त्रास होत असेल, तर प्रयोगशाळेचं दार मधल्या सुट्टीत उघडं असेल. मी रागावणार नाही. सवय नाही मला, पण प्रयत्न करेन."

मागच्या रांगेत दोघं-तिघं हसली. कुत्सित नव्हे, नेहमीचं. मला त्यांचं हसणं त्या दिवशी फार बरं वाटलं.

मी फाटकाकडे बघितलं. ज्ञानदा आईशी काहीतरी बोलली. मग एकटीच चालत आली आणि सातवी ब च्या रांगेत शेवटी उभी राहिली. तिच्या आईने अर्जाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. फाडला नाही. मी त्या अर्जाबद्दल तिला पुढे कधी विचारलं नाही.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. सोमवारी प्रणितचे वडील तावातावाने आले, "पोरांची मस्करी, त्यात काय एवढं" म्हणाले. मी त्यांच्यापुढे पोराने लिहिलेली तीन वाक्यं ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. त्यांची स्वतःची आई आयुष्यभर खळ्यावर बसली होती, हे त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रणितने प्रयोगशाळेत येऊन माझ्यासमोर सगळं पुसलं. त्याच्या मनातून किती पुसलं गेलं ते मला माहीत नाही. ज्ञानदा महिनाभर सिद्धीपासून दोन बाक लांब बसली. मीही त्यांना जवळ आणायला गेले नाही.

मधल्या सुट्टीत मात्र मुलं यायला लागली. पहिल्यांदा एक, मग चार. एकाने विचारलं, "बाई, ग्रुपमधून बाहेर पडल्यावर परत आत घेतलं तर काय करायचं?" मला येत नव्हतं. आम्ही माझ्या मोबाइलात सगळीकडे शोधलं, आणि न विचारता कोणी ग्रुपमध्ये घेऊ नये अशी सोय त्यात होतीच हे आम्हा सगळ्यांना एकदमच कळलं. ती शोधून काढली आठवीतल्या एका पोराने. पुढच्या पालकसभेत मी ती पालकांना शिकवली, तेव्हा सर्वांत पुढे ज्ञानदाची आई बसली होती.

जानेवारीत डबक्यातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तास होता. ज्ञानदा नळीवर डोळा लावून बसली होती. एकदम ओरडली, "बाई, हलतंय! खरंच हलतंय!" बाकीची पोरं तिच्याभोवती गोळा झाली, त्यांत सिद्धीही होती. इतकं सुंदर दृश्य की माझा हात आपोआप पर्समध्ये गेला आणि मोबाइल बाहेर आला.

नळीवरून डोळा न काढता ती म्हणाली, "बाई, आधी विचारा."

असं बोलायची कोणाची छाती नव्हती माझ्यापुढे, त्या दिवसापर्यंत.

"काढू का गं एक फोटो?" मी विचारलं.

तिने वर बघितलं. क्षणभर विचार केला.

"नको," ती म्हणाली, आणि पुन्हा नळीवर वाकली.

मी मोबाइल पर्समध्ये ठेवला. मग रांगेत माझी पाळी आली तेव्हा मीही बघितलं. खरंच हलत होतं.

शाळा सुटताना गुंजाळ सरांनी व्हरांड्यात गाठलं. "बाई, आजच्या उपक्रमाचे फोटो?"

"नाहीत सर."

"नाहीत? मग उपक्रम झाला हे कळायचं कसं?"

"झाला सर," मी म्हणाले. "मी विचारलं होतं. ती नको म्हणाली."